ढगातील एकसाली प्लॉट

फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईत महाराष्ट्र शासन आणि मेटा ही अमेरिकन कंपनी यांच्यात एक करार झाला. ‘आपले सरकार’ नावाचा चॅटबॉट, म्हणजे लेखी वा बोलक्या प्रश्नाला आपणहून उत्तर देणारा यांत्रिक कारकून, त्याच कंपनीच्या व्हॉट्सॲपवर बसवावयाचा आणि नागरिकांचे दाखले, तक्रारी व चौकशा त्याच्याकडे सोपवावयाच्या, असा तो करार. त्याआधीच्या महिन्यात दावोस येथे ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाने महाराष्ट्रात 2030 पर्यंत 830 कोटी डॉलर गुंतविण्याची घोषणा केली होती. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले व पहिल्या तीन वर्षांकरिता 500 कोटी रुपये काढून ठेवले. ह्या घोषणांच्या मागोमाग एक उपदेशही आला आहे. खेड्यापाड्यांतील तरुणांनी, विशेषत: आदिवासी तरुणांनी, आता क्लाउडवर चॅटबॉट बांधावयास शिकावे, चार-सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, शेवटी कंपनीचे प्रमाणपत्र, आणि दारिद्र्याच्या बाहेर पडण्याची वाट मोकळी!

हा उपदेश जव्हार व मोखाडा ह्या दोन तालुक्यांत नेऊन तपासला पाहिजे. जे धोरण जव्हारच्या घाटात टिकत नाही, ते मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर कितीही झळाळले तरी खोटेच असते. ही कसोटी महाराष्ट्राने 1992-93 साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या वेळी पुरेशी महाग किंमत मोजून शिकावयास हवी होती.

प्रथम विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मान्य करावे. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील माणसाला जातीच्या दाखल्यासाठी वा वनहक्काच्या दाव्याची चौकशी करण्यासाठी तालुक्याला जावे लागते, तेव्हा त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. साहेब दौऱ्यावर असले म्हणजे दुसऱ्या दिवसाचाही बुडतो. मध्ये दलाल उभा असतो, अर्ज लिहून देणारा उभा असतो. कचेरीत निरक्षर शेतकऱ्याची होणारी नागवणूक जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली, त्यानंतर पोशाख बदलले, व्यवहार पुष्कळसा तोच राहिला. हा हेलपाटा एखादे यंत्र वाचवीत असेल, तर त्याला नाक मुरडणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान होईल. यंत्राविषयी समाजवाद्यांचे भांडण नाही आणि कधी असूही नये. भांडण आहे ते मालकीविषयी; आणि ह्या बाबतीत चॅटबॉट बांधावयास शिकणारा तरुण नेमके काय शिकतो, हे बारकाईने पाहिल्याखेरीज ते भांडण नीट मांडता येत नाही.

जव्हारच्या महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी हे काम शिकू लागला, असे समजा. कंपनीच्या क्लाउडवर त्याला खाते उघडावे लागते. बहुतेक ठिकाणी पहिल्याच पानावर बँकेच्या कार्डाचा क्रमांक मागितला जातो. ज्याच्या घरी खावटीवर पावसाळा निघतो त्याच्याकडून. खाते उघडले की माणसे काय काय विचारतील याची यादी करावयाची. प्रत्येक प्रश्नामागे एक हेतू असतो: दाखला हवा आहे, मजुरी जमा झालेली नाही, शिधापत्रिकेवरून नाव गेले आहे. एकाच हेतूसाठी माणसे वीस तऱ्हांनी बोलतात, म्हणून प्रत्येक हेतूखाली नमुन्याची वाक्ये भरावयाची. वाक्ये जितकी अधिक व जितकी खरी, तितके यंत्र शहाणे. अलीकडच्या मोठ्या भाषा-प्रारूपांमुळे ही भरती थोडी कमी करावी लागते, पण उत्तर बिनचूक हवे तर गावची माहिती पुरवावीच लागते. शेवटी एक कळ दाबली की यंत्र बोलू लागते, आणि मुलाला वाटते, हे आपण बांधले.

ह्या सगळ्या खटाटोपात मौल्यवान वस्तू कोणती? कंपनीचा संगणक खचित नव्हे. तसे संगणक तिच्याकडे लाखोंनी आहेत. मौल्यवान आहेत ती वाक्ये. वारली बाई दवाखान्यात आपले दुखणे कसे सांगते, कातकरी माणूस वीटभट्टीवरच्या उचलीचा हिशेब कोणत्या शब्दांत विचारतो, कोकणा शेतकरी नागलीवरच्या रोगाला काय म्हणतो, हे ज्ञान कॅलिफोर्नियात नाही, मुंबईतही नाही. ते त्या मुलाजवळ आणि त्याच्या आजीजवळ आहे. तो ते स्वत:च्या श्रमाने गोळा करतो, निवडतो, कंपनीच्या कोठारात भरतो, आणि वर दर प्रश्नामागे कंपनीला भाडे देतो. अर्थशास्त्रात ह्या व्यवहाराला खंड म्हणतात. जव्हार-मोखाड्यात त्याला आणखी नेमका शब्द आहे: एकसाली.

जुन्या ठाणे जिल्ह्यात वनखात्याने आदिवासींना कसण्यासाठी दिलेले एकसाली प्लॉट तेथील कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नकोत. जंगल साफ करावयाचे, दगड वेचावयाचे, बांध घालावयाचे, नागली-वरी पिकवावयाची. आणि जमीन मात्र एका सालापुरती, पुढच्या साली खात्याची मर्जी. क्लाउडवरचा चॅटबॉट हा ह्याच जातीचा प्लॉट आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘क्यूएनए मेकर’ ही प्रश्नोत्तरांचे चॅटबॉट बांधण्याची सेवा जगभर हजारो लोक शिकले होते. कंपनीने ती 2025 मध्ये बंद केली आणि आपल्याच दुसऱ्या सेवेकडे जाण्यास सांगितले. ज्यांच्याजवळ वेळ, पगार आणि इंग्रजी होते ते गेले. दर बदलतो, नियम बदलतो, हत्यार बदलते, आणि प्रत्येक वेळी कुळाने नवी मशागत करावयाची. बरे, हा धोका केवळ दुबळ्या कुळापुरता आहे असेही नाही. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी ह्या तेल कंपनीच्या ई-मेल व तत्सम सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्यानंतर त्या सुरू झाल्या. तेलशुद्धीकरणाचा एवढा मोठा कारखाना चालविणाऱ्यांची ही अवस्था, तर मोखाड्याच्या ग्रामपंचायतीने तोटी बंद झाल्यावर कोणाचे दार ठोठवावे?

खंडात भाषेचा भेद आहे, याची चर्चा तर मराठी वर्तमानपत्रांत जवळजवळ नाहीच. मोठी भाषा-प्रारूपे वाक्याचे लहान लहान तुकडे करतात. त्यांना टोकन म्हणतात, आणि आकारणी टोकनांच्या संख्येवर होते. ही तुकडे पाडण्याची रीत इंग्रजी मजकुराला सोयीची होईल अशी घडली. त्यामुळे तोच आशय मराठीत लिहिला की सामान्यत: तुकडे अधिक पडतात व दाम अधिक पडतो. नव्या प्रारूपांत हे अंतर कमी झाले आहे, नाहीसे झालेले नाही. म्हणजे लंडनच्या ग्राहकाने जो प्रश्न स्वस्तात विचारावा, तोच प्रश्न मराठीत विचारणाऱ्यास महाग पडावा. जकात नाके गेले असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या नाक्याकडे पाहावे. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या संपत्तीचा ओघ कसा बाहेर वाहतो हे आकड्यांनिशी मांडले. आज ते असते तर त्यांनी ह्या टोकनांचाही जमाखर्च मांडला असता.

आणि वाहून जाण्याचा विषय निघालाच आहे, तर वैतरणेची आठवण होणे अपरिहार्य आहे. जव्हार-मोखाडा हा खऱ्याखुऱ्या ढगांचा मुलूख. पावसाळ्यात येथे धो धो कोसळते. मुंबई महानगरपालिकेने बांधलेले मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच, कोचाळे येथे आहे. त्यातून मुंबईला दररोज 455 दशलक्ष लिटर पाणी देण्याची योजना आहे. त्याच तालुक्यात उन्हाळा आला की पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायांच्या हंड्यांची रांग लागते. ढग येथले, उतार येथला, बुडालेली जमीन येथली, आणि नळ मुंबईचा. आता दुसऱ्या ढगाचे पाट त्याच दिशेने खणले जात आहेत. पहिल्या वेळी पाणी गेले. ह्या वेळी बोली जाणार आहे, आणि तीही त्याच मुलांच्या हातून भरून, ‘कौशल्य विकास’ ह्या नावाखाली.

शासन ह्यावर म्हणेल की आदिवासींच्या भाषांसाठी आम्ही पुष्कळ करीत आहोत. काय केले ते पाहू. मे 2021 मध्ये केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने एकलव्य निवासी शाळांसाठी मायक्रोसॉफ्टशी करार केला. त्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंग्रजी व हिंदी ह्या दोन भाषांत द्यावयाचा होता. आदिवासी शाळांसाठीचा अभ्यासक्रम, आणि त्यात एकही आदिवासी भाषा नाही! सप्टेंबर 2025 मध्ये त्याच मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे अनुवादाचे साधन प्रायोगिक रूपात आणले. ते शिक्षण व संशोधन संस्थांनी बनविले, ही निश्चित चांगली गोष्ट. संताळी, भिली, मुंडारी व गोंडी ह्या चार भाषांपासून त्याची सुरुवात झाली. त्यात वारली नाही, कोकणा नाही, कातकरी नाही. ‘आपले सरकार’ मराठी बोलेल; पण जव्हारच्या पाड्यावर शाळेत न गेलेल्या म्हातारीची मराठी ही मंत्रालयाची मराठी नव्हे, आणि तिचे बोलणे न उमगल्यास यंत्र अत्यंत सभ्य शब्दांत दिलगिरी व्यक्त करील. कचेरीतला कारकून निदान खेकसत तरी होता. खेकसणाऱ्याला घेराव घालता येतो. दिलगिरी व्यक्त करणाऱ्या यंत्राला घेराव कसा घालावयाचा?

येथे प्रश्न केवळ भाषेचा राहात नाही, राज्यसंस्थेच्या कर्तव्याचा होतो. गेल्या काही वर्षांत आदिवासी भागात सरकारी यंत्रे आली ती कोणत्या तोंडाने आली? 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी मोबाइलवर छायाचित्र काढून घेणे सक्तीचे झाले. रेंज नाही म्हणून हजेरी नाही, हजेरी नाही म्हणून मजुरी नाही. 1 जानेवारी 2024 पासून मजुरी आधारशी जोडलेल्या मार्गानेच मिळेल असे ठरले. डिसेंबर 2025 मध्ये तर 2005 चा रोजगार हमी कायदाच गुंडाळून त्याच्या जागी नवा कायदा संसदेने मंजूर केला. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर हे ॲप आले. 1 जुलै 2025 पासून घरी न्यावयाच्या शिध्यासाठी लाभार्थीचा चेहरा त्यावर ओळखला जाणे आवश्यक झाले. गरोदर बाईने मूठभर धान्यासाठी यंत्राला तोंड दाखवावे, हा कोणत्या संस्कृतीचा आविष्कार? ह्या प्रत्येक यंत्राचा रोख गरिबाकडे आहे. ते मजुराला तपासते, सेविकेला तपासते, आईला तपासते. शिधा वेळेवर का आला नाही, मजुरी पंधरा दिवसांत का पडली नाही, हे ठेकेदाराला अथवा सचिवाला विचारणारे एकही यंत्र ह्या काळात आले नाही.

ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले, ही घटना ह्या संदर्भात फार मोलाची आहे. फोन कमी क्षमतेचे, सतत बिघडणारे, ॲप इंग्रजीत, दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्यावरच. त्या वेळी काही सुशिक्षितांनी ‘बायकांना तंत्रज्ञान नको आहे’ असे म्हणून हसून घेतले. वस्तुत: तंत्रज्ञानावरची ती महाराष्ट्रातील अलीकडची सर्वांत शहाणी टीका होती. हत्यार कामगाराच्या हाताला बसते की नाही, हे कामगारानेच ठरवावयाचे असते. आणि नसेल बसत तर ते मालकाच्या टेबलावर परत ठेवावयाचे असते.

जून 2025 मध्ये मोखाडा तालुक्यातील जोगलवाडीच्या एका बाईला पहाटे कळा सुरू झाल्या. 108 वर फोन करूनही रुग्णवाहिका वेळेवर आली नाही. एका रुग्णालयातून दुसऱ्यात, तेथून नाशिकला, अशी तिची वणवण झाली. बाळ गेले, आणि गेलेले बाळ बापाने पिशवीत घालून एस.टी.ने गावी आणले. त्यापूर्वी ऑगस्ट 2022 मध्ये त्याच तालुक्यातील मरकटवाडीत रस्त्याअभावी एका बाईची जुळी बालके दगावली व तिला झोळीत घालून चालत न्यावे लागले. ह्या दोन्ही घरांना माहितीची उणीव होती काय? 108 हा क्रमांक त्यांना ठाऊक होता. उणीव होती ती गाडीची, रस्त्याची, डॉक्टरची. चॅटबॉट गाडीचा क्रमांक सांगू शकतो. गाडीत डिझेल घालू शकत नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकाला ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आणि न दिल्यास अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. हक्काच्या जागी उत्तर ठेवावयाचे, अधिकाऱ्याच्या जागी यंत्र ठेवावयाचे, आणि रिक्त पदे रिक्तच ठेवावयाची; चॅटबॉटच्या उत्सवामागचे अर्थकारण हे असे आहे. पगाराचा खर्च वाचतो आणि भाड्याचा खर्च ‘प्रगती’च्या सदरात लिहिता येतो.

मग जव्हारच्या मुलाने चॅटबॉट शिकू नये काय? अवश्य शिकावा. येथे डाव्या चळवळीने आपल्या घरातला केर काढला पाहिजे. आयुर्विमा व बँकांतील कर्मचारी संघटनांनी संगणकाविरुद्ध जो लढा दिला, त्यामागची नोकरीची चिंता पूर्णपणे रास्त होती, आणि 1983 साली बँकांशी झालेल्या करारात त्यांनी काही मर्यादा घालूनही घेतल्या. परंतु यंत्र येऊ द्यावयाचे की नाही एवढ्यावरच वाद रंगला; ते यंत्र कोणाचे असावे, त्याच्या पोटातला कार्यक्रम कोणी लिहावा, हा प्रश्न कोणी नेटाने धसास लावला नाही. मैदान मोकळे सोडले, आणि मोकळे मैदान भांडवल कधी मोकळे ठेवीत नसते. केरळने निराळा मार्ग घेतला. तेथील सार्वजनिक शाळांनी खुल्या आज्ञावली स्वीकारल्या, शिक्षकांना त्यांत तयार केले, 2018 मध्ये ‘लिटल काइट्स’ ह्या नावाने विद्यार्थ्यांची मंडळे सुरू केली. आणि परवान्यांवर जाणारा पैसा वाचविला. महाराष्ट्राला हे अशक्य होते असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

साधनेही हाताशी आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा स्वत:चा क्लाउड 2014 पासून आहे, आणि त्या सरकारी उपक्रमाला नावही ‘मेघराज’ असे आहे. घरचा मेघराज उभा असताना शासनाने परक्या ढगाखाली ओंजळ का धरावी? आय.आय.टी. मद्रासमधील ‘एआयफोरभारत’ ह्या गटाने 2023 साली 22 अनुसूचित भाषांचे अनुवाद-प्रारूप सर्वांसाठी खुले केले. ‘रासा’सारख्या खुल्या आज्ञावलीवर प्रश्नोत्तरांचा साधा चॅटबॉट स्वत:च्या संगणकावर चालतो. हे मान्य केले पाहिजे की कंपन्यांच्या अजस्र प्रारूपांची हुशारी त्याला येणार नाही. कविता करणे त्याला जमणार नाही. पण वनहक्क दाव्याची अवस्था, किमान वेतनाचा दर, शिधापत्रिकेवरचे धान्य, उचलीचा हिशेब आणि दवाखान्याच्या वेळा, एवढ्या दोन-तीनशे प्रश्नांना कवित्व लागत नाही. वीज गेली तर तो बंद पडेल. मोखाड्यात वीज गेली की कंपनीचाही बंदच पडतो.

शिकण्याचा अर्थ येथे बदलतो. कंपनीच्या पानावर कोठे कळ दाबावयाची हे शिकणे म्हणजे नांगर धरावयास शिकणे, जमीन दुसऱ्याची. वाक्यांचा संग्रह स्वत:च्या नावे ठेवणे, तो कोणत्या अटींवर कोणास द्यावयाचा हे ग्रामसभेने ठरविणे, कंपनी बदलली तरी संग्रह उचलून नेता येईल अशा खुल्या रूपात तो जपणे, हे शिकणे म्हणजे सातबारा वाचावयास शिकणे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा 1 एप्रिल 1957 रोजी, कृषकदिनी, कायद्यात उतरली. पुढे तिचे किती वाटोळे झाले ते सर्वश्रुत आहे. पण घोषणा चुकीची नव्हती. बोली ज्यांची, संग्रह त्यांचा, एवढेच तिचे आजचे रूप.

आता ह्यातील एका तांत्रिक गोष्टीकडे कार्यकर्त्यांचे लक्ष वेधले पाहिजे, कारण राजकीय दृष्ट्या तीच सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक चॅटबॉटच्या पोटात त्याला न उमगलेल्या अथवा ज्यांचे उत्तर त्याच्याकडे नाही अशा प्रश्नांची नोंद साठविता येते. बांधणारा ती वाचून यंत्र सुधारतो. कंपनीच्या भाषेत ही चुकांची यादी. प्रत्यक्षात तो गावाचा जाहीरनामा असतो. ‘चार महिने मजुरी का नाही’, ‘दावा मंजूर झाला तर नकाशात प्लॉट एवढा लहान का’, ‘रुग्णवाहिका केव्हा येईल’: ज्या प्रश्नांना यंत्राकडे उत्तर नाही, त्यांतले बहुतेक सरकारकडेही नसलेले असतात. आजवर हे प्रश्न कचेरीच्या ओट्यावर हवेत विरून जात. प्रथमच ते तारीखवार, पाडावार, शब्दश: लिहिले जाऊ शकतात. आणि शासनाच्या योजनेत ही वही राहणार कोठे? गावाला ती दाखविण्याची तरतूद करारासंबंधीच्या घोषणांत कोठेही आढळली नाही.

ती वही ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. 1996 चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे नियम यांनी अनुसूचित क्षेत्रात पाड्याच्या पातळीवर ग्रामसभेला मान्यता दिलेली आहे. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रात येतात. दिवाळीनंतर जी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात त्यांचे प्रश्न त्यांच्या गैरहजेरीतही त्या वहीत राहतील. विचारणाऱ्याचे नाव वगळावे, पाड्याचे नाव ठेवावे. शाळेतील एखाद्या मुलीने वाचावे, आणि ग्रामसेवक, तलाठी व आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना समोर बसवून प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर अथवा उत्तराची तारीख लिहून घ्यावी. प्रकल्प कार्यालयाने वा अन्य कोणी क्लाउडचा वर्ग काढावयाचे ठरविले, तर संग्रहाची व ह्या वहीची मालकी ग्रामसभेची राहील ही अट आधी लेखी मागावी. ती अमान्य झाल्यास वर्ग घेऊ देऊ नये. ठरावाचा मसुदा अर्ध्या पानाच्या वर जाण्याचे कारण नाही. 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तीत तो मांडता येईल.